चाळणीतून न जाणारी माती

हिंजवडीत मी ज्या इमारतीत नोकरी करत होतो, तिच्या तळघरात पार्किंगच्या अगदी शेवटच्या खांबाआड दोनशे लिटरचे एक निळे पिंप उभे असायचे. लाइट गेली की जनरेटर धडधडायचे, ठरावीक तास भरले की त्यांचे तेल बदलायचे आणि जुने तेल त्या पिंपात जायचे. पिंपाच्या कडेला चुकून हात लागला तर बोटे काळी व्हायची. साबणाने दोनदा धुतली तरी नखाच्या कडेची रेघ संध्याकाळपर्यंत राहायची. एखाद्या सोमवारी पिंप जागेवर नसायचे. कुठे गेले म्हणून विचारले तर सुपरवायझर सांगायचा, "भंगारवाला घेऊन गेला, सर. लिटरमागे पैसे देतो." पैसे मिळतात म्हणजे काम चोख, असा आम्हा सगळ्यांचा समज होता.

वापरलेले इंजिन ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे. ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते आणि देताना 10 नंबरचा फॉर्म भरायचा असतो. सात प्रती, सात रंगांच्या: पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी. कोणत्या रंगाची प्रत कुणाकडे जाणार हे ठरलेले. एवढा खटाटोप कशासाठी, तर अमुक पिंप शेवटी कुठे रिकामे झाले, हे उद्या कुणी विचारले तर सांगता यावे म्हणून. आमच्या पिंपाला सातांतला एकही रंग लाभला नव्हता.

आयटी पार्कला धूर नाही, भोंगा नाही, म्हणून तिथे कारखान्याची घाणही नाही असे आपण धरून चालतो. पण यूपीएसच्या शिसे भरलेल्या बॅटऱ्या, जनरेटरचे तेल, जुने सर्किट बोर्ड हे सगळे हिंजवडीतून टेम्पोत चढते आणि कुठेतरी उतरते. चिखलीजवळच्या कुदळवाडीत अशा भंगाराची गोदामे वर्षानुवर्षे होती. पत्र्याच्या शेडला शेड लागलेली, आत प्लास्टिक, रबर, लोखंड आणि पिंपे. आगी तर नित्याच्या. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने जेसीबी लावून त्या शेड हजारोंच्या संख्येने जमीनदोस्त केल्या. बातम्या अतिक्रमणाच्या झाल्या, पाडापाडीच्या झाल्या. पत्रे उचलल्यावर खाली जी काळी, तेलकट जमीन उरली तिची बातमी काही मोठी झाली नाही.

घाण जमीन साफ करायची म्हटले की पिंपरी-चिंचवडकरांच्या डोळ्यांपुढे मोशीचा डेपो येतो. साहजिक आहे. 81 एकर जागा, त्यावर तीसेक वर्षांचा शहराचा कचरा, उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी आणि वारा फिरला की आसपासच्या सोसायट्यांच्या बंद खिडक्या. या डोंगराचे काय करायचे याचे उत्तर आज तरी सापडलेले आहे. त्याला बायोमायनिंग म्हणतात, आणि नाव भारदस्त असले तरी काम चाळण्याचे आहे.

आधी डोंगर पोकलेनने फोडतात आणि कचऱ्याच्या लांबलचक राशी घालतात. त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारतात आणि दर काही दिवसांनी रास उलटीपालटी करतात. आत राहिलेले कुजण्यासारखे कुजू लागले की रास तापते, सकाळी तिच्यातून वाफ निघताना दिसते, पाणी उडून जाते आणि तीन-चार आठवड्यांत वास बसतो. ओला कचरा चाळणीला चिकटतो, म्हणून ही वाट पाहायची. मग ट्रॉमेल. भोके पाडलेला, थोडा कललेला, एखाद्या खोलीएवढा फिरता पिंजरा. एका तोंडाने कचरा पडतो, गरगरत पुढे सरकतो, बारीक माती भोकांतून खाली गळते आणि दुसऱ्या तोंडाने प्लास्टिकच्या पिशव्या, चपला, नारळाच्या करवंट्या, फाटक्या गोधड्या बाहेर येतात. चाळण्या एकापुढे एक अधिकाधिक बारीक होत जातात. दगड-विटा भरावाला, लोखंड चुंबकाने बाजूला, प्लास्टिक-चिंध्यांचे गठ्ठे सिमेंटच्या भट्टीत जळणाला. खाली गळालेली माती राहते, आणि ती वजनाने बरीच असते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या भाज्यांची देठे, उष्टे, निर्माल्य या सगळ्यांचे ते झालेले असते.

या कामातली मेख चाळल्यानंतर कळते. सिमेंटवाल्यांना कोरडे, माती झटकलेले जळण हवे असते. मातीने बरबटलेले प्लास्टिक ते परत पाठवतात. आणि गळालेली माती कागदावर सुपीक दिसली तरी तिच्यात काचेचे कण असतात, फुटलेल्या सेलमधले धातू असतात. ती शेतात टाकायला मी तरी सांगणार नाही. बागेच्या चढउताराला, रस्त्याच्या भरावाला ठीक. शिवाय रोजचा नवा कचरा थांबला नाही तर एका बाजूने डोंगर चाळायचा आणि दुसऱ्या बाजूने वाढवायचा, असा प्रकार होतो. मोशीत 1 ऑगस्ट 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेला वीजनिर्मिती प्रकल्प, 14 मेगावॉटचा, वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा जाळण्यासाठी बांधला आहे, तो या दुसऱ्या बाजूसाठी. त्याचीही राख उरतेच, पण तो वेगळा विषय.

डोंगर हटतात, याचा पुरावा पुणेकर रोज पायांखाली घेतात. पौड रस्त्यावरचा कोथरूड कचरा डेपो ज्यांना आठवतो त्यांना तिथून जाताना नाकाला लावलेला रुमालही आठवत असेल. त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. 6 मार्च 2022 रोजी वनाजहून मेट्रो धावू लागली. मात्र कोथरूडचा डेपो बंद झाला तेव्हा कचरा थांबला नव्हता, तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, गावाला टँकर लागले, गाड्या अडवण्याची आंदोलने झाली. शहराच्या एका टोकाचा रुमाल दुसऱ्या टोकाच्या नाकावर गेला, एवढेच.

घाईघाईने झाकलेल्या डेपोवर काय होते, हे मुंबईत मालाडला दिसले. तिथल्या जुन्या डंपिंगच्या जागेवर ऑफिसांचे चकचकीत संकुल उभे राहिले, आणि काही वर्षांत तक्रारी सुरू झाल्या: एसी टिकत नाहीत, संगणक आणि सर्व्हर बिघडतात. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेनसोबत हायड्रोजन सल्फाइड निघतो. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते ते याच जातीच्या वायूंमुळे. सर्किट बोर्डावर चांदी आणि तांबे दोन्ही असतात, केसासारख्या बारीक रेघांत. निरांजन चिंचेने घासता येते, बोर्ड घासता येत नाही. त्यामानाने गोराईत महापालिकेने रीतसर काम केले. 1972 पासून भरत आलेला सुमारे वीस हेक्टरचा डेपो 2007 च्या अखेरीस बंद केला, उतार बसवले, वर जाड प्लास्टिकचा पडदा आणि माती घातली, आणि आतला वायू नळ्यांनी गोळा करून जाळायची सोय केली. कचरा तिथेच आहे, पण त्याच्यावर लक्ष आहे.

इथपर्यंतची गोष्ट दिसणाऱ्या घाणीची. खर्च अफाट, राजकारण त्याहून अफाट, पण काय करायचे ते कळते. दिसते, वास येतो, लोक ओरडतात, आणि खालच्या जमिनीला भाव असतो. त्यामुळे आज ना उद्या ती उपसली जाते. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यातली खरी अवघड घाण यांतल्या कुठल्याच खुणेची नाही.

पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना 1954 मध्ये उभा राहिला. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि या पट्ट्यात प्लॉट पडू लागले. मोटारी आल्या, स्कूटर आल्या, आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग आली: टर्निंगवाले, फोर्जिंगवाले, रंगवाले, प्लेटिंगवाले. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये झाले. घातक कचऱ्याचे देशातले पहिले नियम मात्र 1989 चे. म्हणजे एमआयडीसीपासून मोजले तरी 27 वर्षे अशी गेली, की प्लेटिंगच्या हौदाच्या तळाशी साचलेला हिरवट-पिवळा गाळ कायद्याच्या भाषेत घातक नव्हताच. तो गाळ होता. मागच्या बाजूला खड्डा असायचा, शेजारी नाला असायचा. त्या काळातल्या कारखानदारांना सरसकट चोर म्हणणे मला पटत नाही. शहाण्यासुरत्या माणसांना शोषखड्डा हा स्वच्छतेचा उपाय वाटत होता. फक्त त्या खड्ड्यांचा नकाशा कुणी काढून ठेवला नाही.

क्रोमचे उदाहरण घेऊ. स्कूटरच्या हँडलवर जी आरशासारखी चमक असते ती क्रोमिक अ‍ॅसिडच्या हौदातून येते. या हौदातले क्रोमियम एका विशिष्ट रूपात असते. रसायनशास्त्रात त्याला षटसंयोजी म्हणतात, प्लेटिंगवाले नुसते 'सिक्स' म्हणतात. सिक्स पिवळे असते, पाण्यात सहज विरघळते, पाणी जाईल तिथे जाते आणि शरीराला बाधते. कर्करोगाशी त्याचे नाते सिद्ध झालेले आहे. त्याचेच दुसरे रूप 'थ्री', हिरवट, मातीला धरून बसणारे, बरेच निरुपद्रवी. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. आता हिशेब करा. एक किलो क्रोमियम दोन कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेते. हिंजवडीकरांना लिटरपेक्षा टँकर लवकर समजतो, म्हणून तसे सांगतो: दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर. एका किलोने.

आणि ते किलो कुठल्या बाजूला गेले हे आपल्या जमिनीत सांगणे फार कठीण. गंगेच्या मैदानात वाळूच्या थरातून पाणी बऱ्यापैकी सरळ सरकते, त्याचा माग काढता येतो. आपल्याकडे वर हातभर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. कातळातून पाणी झिरपत नाही, त्याच्या भेगांतून आणि दोन लाव्हा थरांमधल्या सांध्यांतून पळते. पाणाड्या नारळ हातात घेऊन फिरतो तो याच भेगेच्या शोधात. शेजारच्या बोअरला चार इंच पाणी आणि आपली कोरडी, हा अनुभव इथे घरोघरी आहे. विषाचेही तसेच होते. प्लॉटच्या कुंपणालगतची विहीर स्वच्छ निघते आणि पाव मैलावरची पिवळी. सुटे भाग धुऊन ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलिन तर आणखी वस्ताद: ते पाण्याहून जड, म्हणून तेलासारखे तरंगत नाही, भेगेच्या तळाशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे सुटत राहते.

अशी जमीन साफ करायची तर चाळणी कुचकामी. विष मातीच्या कणाकणाला चिकटलेले असते. चाळाल तर सारखेच गळेल. उपाय आहेत, पण प्रत्येकाला काही ना काही अडचण आहे. सिक्सचे थ्री करता येते: फेरस सल्फेट, म्हणजे आपले हिराकस, पाण्यात कालवून जमिनीत सोडायचे. क्रोमियम जात नाही, त्याचे पाय बांधले जातात. पुढे जमिनीतली रसायने बदलली तर ते सुटू शकते, म्हणून नजर ठेवत राहायचे. वाहत्या पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या किसाने भरलेला चर खणतात, पाणी त्यातून गाळून पुढे जाते. मऊ जमिनीत हे छान चालते, कातळात चर खणायचा तर सुरुंग लावावे लागतील आणि नव्या भेगा पडतील. बोअर मारून पाणी उपसायचे, वर स्वच्छ करायचे, हा सर्वांत सरळ मार्ग. तो दहा-वीस वर्षे चालतो, पंप बंद केला की आकडे पुन्हा चढतात, आणि विजेचे बिल कुणी भरायचे यावर बैठका होतात.

म्हणून पुष्कळदा शेवटी खोदून उचलायचेच ठरते. उचललेली माती रांजणगाव किंवा तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जाते. तिथे ती सिमेंट, चुना, राख यांत कालवून घट्ट करतात आणि मातीचे व प्लास्टिकचे दुहेरी अस्तर असलेल्या खड्ड्यात पुरतात. खड्डा भरून बंद झाल्यावरही 30 वर्षे त्याच्या भोवतीच्या विहिरींचे पाणी तपासत राहायचे असते. साफ करणे म्हणजे नाहीसे करणे, ही आपली घरगुती समजूत इथे सोडावी लागते. एका जागचे उचलून जिथे त्याची नोंद राहील अशा जागी ठेवणे, एवढेच बहुतेक वेळा हाती असते.

तेही किती दमवते ते भोपाळने दाखवले. युनियन कार्बाइडच्या आवारात पोत्यांत बांधून ठेवलेला 337 टन कचरा 1 जानेवारी 2025 च्या रात्री बारा कंटेनरमधून अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला निघाला आणि जूनअखेर जाळून झाला. दुर्घटनेनंतर 40 वर्षांनी. पीथमपूरच्या लोकांनी आपल्या दारात तो नको म्हणून रस्ता धरला, तेही स्वाभाविकच. आणि हा फक्त वर बांधून ठेवलेला माल. आवारात पुरलेले आणि पाण्यात उतरलेले तिथेच आहे.

अमेरिकेने हा धडा नायगाराजवळच्या लव्ह कॅनॉलमध्ये घेतला. हूकर नावाच्या रसायन कंपनीने 1942 ते 1953 या काळात एका जुन्या अर्धवट कालव्यात सुमारे 21 हजार टन कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जागा शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकली. खाली काय आहे याचा इशारा खरेदीखतात दिलेला होता. तरी शाळा झाली, घरे झाली. पुढे तळघरांत रसायने पाझरू लागली आणि 1978 मध्ये माणसे हलवावी लागली. 1980 च्या डिसेंबरात सुपरफंड कायदा आला. ज्याने घाण केली त्याने, मग कितीही वर्षांपूर्वी केलेली असो, पैसे भरायचे.

आपल्याकडे तसला कायदा यायला 24 जुलै 2025 उजाडला. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाच्या या नियमांनुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, 90 दिवसांत प्राथमिक तपासणी, आणखी 90 दिवसांत सविस्तर, मग सफाईचा आराखडा आणि दोषीचा शोध. दोषी सापडला नाही तर खर्च केंद्र आणि राज्याने उचलायचा. नियम आले तेव्हा देशभरात 103 जागा नोंदलेल्या होत्या आणि प्रत्यक्ष काम 7 ठिकाणी सुरू होते. शहरी कचऱ्याचे डेपो या नियमांत नाहीत, त्यांचा कायदा वेगळा. विभागणी योग्यच आहे, कारण चाळता येणारी आणि न येणारी घाण खरोखर वेगळ्या जातीच्या आहेत. माझी शंका पहिल्याच पायरीवर आहे. जिल्हा प्रशासनाला संशय यायचा कशावरून? ज्या जागेवर गवत उगवले आहे, पाटी उतरली आहे, मालक दोनदा बदलला आहे, तिथे काय पुरले होते हे तलाठ्याच्या कुठल्या वहीत सापडणार?

आणि या पट्ट्यात त्या जागा रिकाम्या राहत नाहीत. कारखाना बंद पडतो किंवा चाकणला जातो, जमीन औद्योगिकची निवासी होते, ज्याला इथला प्रत्येक एजंट 'आय टू आर' म्हणतो, आणि दोन वर्षांत तिथे बावीस मजले चढतात. माती परीक्षण होते, नक्की होते. पण ते वजनाचे असते: जमीन किती भार पेलेल. तिच्यात शिसे किती, सिक्स किती, हे त्या अहवालात विचारायची पद्धत नाही.

अशाच एका प्लॉटवर बोअरिंग चालू असताना मी अर्धा दिवस उभा होतो. तिपाईवरून दट्ट्या धपधप पडत होता. कातळाचे गोल तुकडे वर आले की मशीनवाला ते पाण्याने धुऊन लाकडी खोक्याच्या खणांत ओळीने मांडायचा आणि कडेला खडूने खोली लिहायचा. ते तुकडे सुरेख होते. करडे, मधूनच पांढऱ्या खड्यांनी भरलेले. वरच्या थराचा नमुना त्याने एका पिशवीत बांधला आणि उरलेले फावड्याने बाजूला सारले. त्यात काळपट माती, विटेचे तुकडे, धातूचा किस आणि रंगाचे वाळलेले पापुद्रे होते. अहवालात पुढे त्याची एकच ओळ झाली: 0 ते 1.8 मीटर, भराव.

"हे वरचं तपासत नाही का?" मी विचारले.

"त्याचं काय तपासायचं, साहेब? फुटिंग खाली कातळावर बसणार. हे सगळं खोदाईत निघून जातं."

"कुठे?"

"डंपर येतो की." त्याने हाताने हिंजवडीच्या दिशेला दाखवले. "तिकडं कुणाला ना कुणाला भराव लागतोच."